पाचांतला आबांचा रुपया

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी, जेवणं उरकून पातेली न्हाणीच्या दाराशी उपडी पडली, तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या मथुराबाई म्हणाल्या, "उल्का, चंबू आण गं."

आबा गेल्यापासून त्या मोजकंच बोलत होत्या, त्यामुळे त्यांचा आवाज ऐकून हॉलमधली सगळी माणसं जरा सावरून बसली. बाहेर मार्गशीर्षातलं ऊन होतं, दूध घातलेल्या चहासारखं. खिडकीतून वारज्याची टेकडी दिसत होती, आणि टेकडीच्या पायथ्याशी, दोन वर्षांपूर्वीपर्यंत जिथे घरचा ऊस उभा होता तिथे, तीन इमारतींचे सांगाडे बांबूंच्या परांचीत उभे होते. त्यांचाही आवाज येत नव्हता. आबांचा दहावा होईपर्यंत काम बंद ठेवायचं, असं दीनानाथने बिल्डरला सांगून ठेवलं होतं.

"चंबू तर शोकेसमध्ये हाय की," विजयमाला म्हणाली. ती आबांची थोरली लेक, उल्काची नणंद. "घासून पुसून, वाळलं गवत खोवून. आत काय हाय, का नुसती शोभाच?"

"आतलं वेगळं ठेवलंय, ताई," उल्का म्हणाली आणि उठली.

तिच्या उठण्यात किंचित ऐट होती. ती तिची तिलाच नंतर आठवून आठवून बोचली. सदाशिव पेठेतून मच्छिंद्रशी लग्न करून ती या घरात आली, त्याला अडीच वर्षं झाली होती. या काळात तिला शेण थापता येत नाही, भाकरी गोल येते पण फुगत नाही, एवढंच घराला तिच्याबद्दल कळलं होतं. रसायनशास्त्रात तिने जे काय शिकून घेतलं होतं त्याला इथे गिऱ्हाईक नव्हतं. दसऱ्याला नव्या बंगल्यात राहायला आल्यावर मथुराबाईंनी तिच्या हातात तांब्याचा तो चंबू दिला आणि "नीट ठेव" एवढंच म्हटलं, तेव्हा तिला वाटलं होतं, हे एक काम आपल्याला येतं.

चंबूत पाच रुपये होते. चांदीचे, पंचम जॉर्जचे, सगळे एकोणीसशे अठरा सालचे. पणजोबा गेनबांना कधीकाळी गूळ विकल्याच्या पट्टीत कोऱ्या रुपयांची एक थैली मिळाली होती. सगळ्यांवर एकच राजा, एकच साल. ते रुपये त्यांनी खर्चले नाहीत. घरात मूल जन्मलं, की थैलीतला एक रुपया काढायचा, खिरीत बुडवायचा आणि पहिला गोड घास त्या रुपयाने बाळाच्या जिभेला लावायचा. मग तो रुपया त्या बाळाचा. तो चंबूत जायचा. आधी जन्मलेल्या लेकांनाही तेव्हा एकेक मिळाला होता. लेक सासरी निघाली, की तिचा तिला द्यायचा. लेकाचा चंबूतच राहायचा, आणि तो माणूस गेला, की दहाव्याला त्याच्या मुलाने तो नदीत सोडायचा. म्हणजे चंबूत जेवढे रुपये, तेवढे घरातले जिते पुरुष. थैलीतला शेवटचा रुपया दीनानाथच्या वाट्याला आला होता.

उल्काने आतून काचेची बरणी आणली. मथुराबाईंच्या पुढ्यात पांढरं धोतर अंथरलं होतं. तिने बरणीचं झाकण फिरवलं, खडूच्या तुकड्यांची मलमलीची पुरचुंडी बाजूला काढली आणि बटर पेपरच्या पाच पुड्या एकेक उलगडून रुपये मांडले.

ऊन त्यांच्यावर पडलं आणि छतावर उजेडाची पाच वर्तुळं थरथरली.

क्षणभर सगळ्यांनीच वर पाहिलं. "आयला," दीनानाथ म्हणाला. तो आबांचा पुतण्या, नानांचा मुलगा. कमरेला पेजर लावून हिंडणारा. "आज टाकसाळीतनं आल्यासारखे!"

मथुराबाईंनी एक रुपया उचलला, उलटा केला, ठेवला. दुसरा उचलला. तो उन्हात तिरका धरला. मग तिसरा. त्यांचा हात हळूहळू धिमा होत गेला.

"हे कुणाचे?"

"आपलेच, आई. आपलेच पाच."

"आपले काळे व्हते."

"हो, मी साफ केले. घासले नाहीत हं. घासलं की चांदी झिजते. ॲल्युमिनियमच्या कागदावर ठेवून, गरम पाण्यात मीठ आणि सोडा घातला, की काळेपणातलं गंधक कागदाकडे जातं आणि चांदी परत रुपयाला मिळते. काहीच जात नाही." बोलता बोलता ती थोडी रंगली. "जुन्या घरात चंबू कांद्याच्या चाळीतल्या कोनाड्यात असायचा ना, आणि आत घोंगडीचा तुकडा. कांद्यात गंधक, लोकरीत गंधक. काळे पडणारच. म्हणून आता काचेत ठेवलेत. लोकर नाही, वर्तमानपत्र नाही, रबर तर अजिबात नाही. खडू ओल धरतो. आता वर्षानुवर्षं असेच राहतील."

मथुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "यातला ह्यांचा कोणता?"

उल्काने एका रुपयाकडे बोट नेलं, मग दुसऱ्याकडे; पाचही सारखेच होते.

"मला रंगावरनं कळायचे," मथुराबाई कुणाकडे न पाहता सांगू लागल्या. "ह्यांचा वांग्यासारखा. मधी काळा, कडंला जांभळा. नानांचा तांबूस, भाजल्यावानी. मधल्या भावजींच्या, सोनबांच्यावर मोराच्या मानंसारखा निळा डाग. मच्छिंद्राचा पिवळट. दीनाचा नवा, नुसता धुरकटलेला. सासूबाईंनी मला दाखवलं व्हतं. काय बी लिवलेलं न्हाई, दोरा बांधलेला न्हाई. बघितलं की कळायचं."

उल्काला ते रंग आठवत होते. पाण्यात टाकण्याआधी तिने ते कितीतरी वेळ पाहिले होते, ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाकडे पाहावं तसे. त्या रंगांत रंग असा काही नव्हता, हे तिला ठाऊक होतं. ती थराची जाडी होती. पातळ थर पिवळा दिसतो, जरा जाड झाला की तांबूस, मग जांभळा, मग निळा, आणि शेवटी काळा. ज्या रुपयाला जितकी हवा जशी लागली, तसा तो रंगला. ते आयुष्यच होतं चंबूतलं, पातळ पातळ साठत गेलेलं. आणि ते तिने पाव तासात कागदाकडे पाठवलं होतं. कागद काळा पडला होता. तो तिने फेकून दिला होता.

"बरं केलंस बाई," विजयमाला म्हणाली. "माझा मी आटवून जोडवी केली, म्हणून सुटले. न्हाईतर मलाबी ओळखू आलं नसतं मी कोण ते."

"विजू," मच्छिंद्र म्हणाला.

"काय विजू? उद्या सकाळी आबांचा म्हणून कुणाचा सोडणार हायेस पाण्यात? तुझा?"

हॉलमधली हवा एकदम बदलली. प्रत्येक जण त्या पाच चकचकीत रुपयांकडे पाहू लागला, आणि प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट आली हे प्रत्येकाला कळलं. जित्या माणसाचा रुपया पाण्यात गेला तर त्याचं दाणापाणी उठलं, असं घर मानत आलं होतं. आणि गेलेल्याचा मागे राहिला, तर तो दाराशी घोटाळत राहणार.

"कोणताबी सोडा," नाना म्हणाले. आबांचे धाकटे भाऊ दत्तोबा. त्यांना सगळे नाना म्हणत. बंगला त्यांनीच हौसेने बांधला होता. "सगळ्यांवर राजा एकच हाय. त्याला काय कळतंय?"

"मग तुमचा सोडा की, नाना," विजयमाला म्हणाली.

"माझा कोणता ते मला कुठं म्हाईत हाय?"

"तेच तर."

"हे बघा, मी असलं काही मानत नाही," दीनानाथ पेजर चाचपत म्हणाला. "पण उगाच रिस्क कशाला? पाच महिन्यांनी पझेशन द्यायचंय."

"तू मानत न्हाईस तर गप बस," नाना म्हणाले.

"मानत नाही म्हणजे, अगदीच नाही असं नाही."

मच्छिंद्र उल्काकडे पाहत होता. त्याला राग आला होता, पण तो नक्की कुणाचा हे त्यालाही ठरवता येत नव्हतं. "विचारायचंस तरी," तो हळूच म्हणाला.

"विचारलं होतं. 'साफ करून ठेवू का' म्हणून तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."

"मी पेपर वाचत असणार."

"वाचतच होता."

एरवी यावर कुणीतरी हसलं असतं. उल्का पाच रुपयांकडे पाहत राहिली. वजन करून काही कळणार नव्हतं. ते बाजारात कधी फिरलेच नव्हते, त्यामुळे झिजलेही नव्हते. ओरखडे नव्हते. तिच्या हाताशी राहिलं होतं ते फक्त गणित, आणि तेही लहान मुलांचं. ती म्हणाली, "ज्याचा त्याने उचलला तर?"

"म्हंजी?"

"चार जण आहेत. चौघांनी आपापला उचलला, तर जो उरेल तो आबांचा."

"आणि आपापला कळणार कसा?" दीनानाथने विचारलं.

तिथेच ते गणित फसत होतं आणि हे उल्काला दीनानाथच्या आधी कळलं होतं. पण मथुराबाई सरळ होऊन बसल्या.

"कळंल," त्या म्हणाल्या. "जिभेला लागलेला हाय. जवळ घेतला तर कळंल. डोळं मिटा आन् हातात घ्या. या, नाना, तुमी आधी."

नाना उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कुरकुरत, पण उठले. धोतराच्या कडेला मांडी घालून त्यांनी डोळे मिटले. पहिला रुपया मुठीत घेतला, सोडला. दुसरा घेतला. तो सोडेनात. इतका वेळ सोडेनात, की बाहेर एक रिकामा ट्रक चढ चढून गेला, त्याचा आवाज येऊन विरला, तरी मूठ मिटलेलीच. बंगल्याच्या फरशीवर बसलेल्या, पांढऱ्या मिशीच्या त्या माणसाचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला आणि ओठ किंचित पुढे आले. उल्काने मान खाली घातली. आपण पाहू नये असं काही पाहतो आहोत, असं तिला वाटलं.

"ह्यो," नाना म्हणाले.

मच्छिंद्र आणि दीनानाथ यांचं मात्र जमेना. दोघांनी एकच रुपया धरला.

"माझा आहे हा, दादा."

"कशावरून?"

"गरम लागतोय."

"तुझ्या हातात आत्ता मिनिटभर होता, गरम लागणारच."

"मग तुला कशावरून वाटतंय?"

"मला वाटतंय बस्स."

"लहानपणी माझी सायकल पण अशीच वाटायची तुला."

"तुम्ही दोघं आता रुपयावरनं भांडताय का सायकलीवरनं, ते तरी ठरवा," विजयमाला म्हणाली, आणि या वेळी मथुराबाईसुद्धा पदराआड हसल्या. मच्छिंद्रने मूठ उघडली. "घे. तुझं पझेशन आहे," तो म्हणाला आणि दुसरा उचलला. तो त्याने जरा वेळ धरून ठेवला, आणि मग आश्चर्याने उल्काकडे पाहिलं. "हाच असेल," तो म्हणाला. "हा बरा वाटतो."

धोतरावर दोन रुपये उरले. एक आबांचा. एक सोनबांचा.

सोनबा म्हणजे तात्या, तिघांतले मधले. ऊस मोडून जमीन बिल्डरला द्यायची ठरली तेव्हा तात्या म्हणाले होते, मी माझ्या वाट्यावर सही करणार नाही. नाना म्हणाले होते, मग तुझा वाटा घेऊन चालता हो. आबा दोघांच्या मधे बसून काहीच म्हणाले नव्हते. त्यांच्या न म्हणण्याने जमीन गेली. तात्यांनी आपल्या हिश्शाच्या बदल्यात लोणी काळभोरला रान घेतलं. आबांना अग्नी दिला तेव्हा ते आले, लांब लिंबाखाली उभे राहिले आणि कुणाच्या हातचं पाणी न घेता गेले.

"त्याला बोलवायचं न्हाई," नाना म्हणाले.

"मग दोन्ही हितंच ऱ्हाऊ द्या," मथुराबाई म्हणाल्या. "तुमचे बंधू अंगणात घोटाळत ऱ्हातील. चालंल तुमाला?"

नाना उठून गच्चीवर गेले.

उल्काला वाटलं, आता विजयमाला आणखी काही बोलेल. पण विजयमालाने पदर खोचला. "मच्छिंद्रा, जीप काढ. मी जाते तात्यांकडं." आणि मग, जणू रागावूनच, "चल गं तूबी. तूच उजळून ठेवलेत, तूच सांग त्यांना."

सोलापूर रस्त्याला लागेपर्यंत ऊन कलंडलं. हडपसर मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना उसाचे तुरे लागले, राखाडी आणि मऊ. सगळं रान धुरात बसवल्यासारखं. बऱ्याच वेळाने विजयमाला खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "खरंच कळत असंल का गं? मुठीत धरून?"

"नाही कळत," उल्का म्हणाली.

"मग म्हणालीस कशाला?"

"दुसरं काही सुचलं नाही."

विजयमालाने मान हलवली. "नानांचं तोंड बघितलंस? खीर चाटल्यावानी झालं व्हतं." ती थांबली. "मी माझा आटवायला नको व्हता."

तात्या उसाला दारं धरून उभे होते. पाट फोडून एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी घ्यायचं, ती भरली की मातीने तोंड बंद करून पुढची उघडायची. हातात खोरं, पाय घोट्यापर्यंत चिखलात. मच्छिंद्र जीपमधून उतरलाच नाही. दोघी बांधावरून चालत गेल्या. त्यांना पाहून तात्यांनी सरी बंद केली, दुसरी उघडली, आणि मग म्हणाले, "बसा. बांध कोरडा हाय."

विजयमालाने सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यात ती रडू लागली, म्हणून उरलेलं उल्काला सांगावं लागलं. तिने सगळं सांगितलं. कागद, सोडा, काचेची बरणी. तात्या ऐकत होते आणि पाणी त्यांच्या पायांवरून पुढच्या सरीत सरकत होतं, मावळतीचं आभाळ घेऊन.

"म्हंजी पांढरे झाले."

"हो."

"सगळे सारखे."

"हो."

तात्या हसले. आवाज न करता, खांदे हलवत. "दादा आसता तर लई हसला आसता. त्याला वळखू यायचंच न्हाई कदी. वैनीला इचारायचा हळूच, माझा कोणता म्हणून." मग ते गंभीर झाले. "पर त्या बंगल्याची पायरी मी चढणार न्हाई, पोरी. जमिनीचं मी काय बोलत न्हाई. दत्तोबानं मला 'चालता हो' म्हटलं, आन् दादा गप बसला. त्याचं हाय."

"बंगल्यात येऊ नका," उल्का म्हणाली. "नदीवर या. सकाळी. दोनच उरलेत तात्या, तुमचा आणि त्यांचा. तुम्ही तुमचा उचलला नाहीत, तर त्यांना जाता येणार नाही."

"आन् मला वळखू आला न्हाई तर?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "तर मला माहीत नाही," ती म्हणाली.

तात्यांनी खोरं उचललं. "सरी फुटंल," ते म्हणाले आणि पाण्याकडे वळले.

सकाळी नदीवर धुकं होतं. वारज्याच्या त्या अंगाला, शहराचं पाणी मिसळण्याआधी, मुठा अजून स्वच्छ होती, आणि धरणातून पाणी सोडलेलं असल्याने काठापर्यंत भरली होती. पलीकडचा तीर नव्हताच. अधूनमधून एखादं झाड पांढऱ्यातून वर यायचं आणि परत बुडायचं. बाकीचं सगळं उरकलं होतं. रुपया तेवढा राहिला होता. गुरुजींना पुढे आणखी दोन ठिकाणी जायचं होतं, आणि ते दर थोड्या वेळाने खाकरून याची आठवण देत होते.

"थांबू या जरा," मथुराबाई म्हणाल्या. त्यांच्या उघड्या तळव्यावर दोन रुपये होते.

"किती थांबायचं?" नाना म्हणाले. पण तेही रस्त्याकडेच पाहत होते.

उल्का बाजूला उभी होती. तिचा रुपया या पाचांत नव्हता आणि तिला कुणी काही विचारणारही नव्हतं. तरी त्या तळव्यावरून तिची नजर हटत नव्हती. चुकीचा रुपया गेला तर काही होणार नाही, हे ती कुठल्याही परीक्षेत लिहून देऊ शकली असती. पण पुढे केव्हाही तात्या आजारी पडले, की घर तिच्याकडे पाहील. आणि कदाचित तीही स्वतःकडे पाहील.

धुक्यातून आधी टेम्पोचा आवाज आला, मग दुधाच्या रिकाम्या किटल्यांचा. मग तात्या. सदरा दवाने भिजलेला, डोक्याला मफलर. ते सरळ मथुराबाईंपुढे येऊन उभे राहिले आणि वाकून त्यांनी त्यांच्या पायांना हात लावला. नानांनी तोंड नदीकडे केलं.

तात्यांनी दोन्ही रुपये घेतले. पाहिले. उजेडच नव्हता, तर पाहणार काय? मग त्यांनी एक उचलून जिभेवर ठेवला. गुरुजींनी मान वळवली. तात्यांनी तो काढला, दुसरा ठेवला, डोळे मिटले.

"ह्यो माझा," ते म्हणाले आणि पहिला परत दिला.

"कशावरनं?" नाना नदीकडेच पाहत म्हणाले. दोन वर्षांत तात्यांशी बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं.

"गोड लागला."

"सत्तर वर्सं झाली. आजून गोड लागतोय व्हय?"

तात्यांनी मफलर सैल केला. "न्हाई लागला," ते म्हणाले. "दोन्ही सारखेच लागले. थंड."

मच्छिंद्रने पुढे केलेला हात तसाच राहिला. दीनानाथने डोळे मोठे केले. मथुराबाई म्हणाल्या, "सोनबा, आसं नगा करू. चुकून तुमचा गेला तर?"

"जाऊ दे की, वैनी. त्याचा सदरा मी घालायचो, माझी टोपी तो. शाळंत त्याच्या नावावर छड्या मी खाल्ल्यात आन् माझ्या नावावर त्यानं. आता एक रुपया हिकडचा तिकडं झाला, तर काय बिघडलं? त्याच्यावर मी जगंन. माझ्यावर त्यो जाईल. आमचं आमच्यात हाय."

"तुमाला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं," तात्या म्हणाले. "म्हणून तर रातभर पाणी दिलं उसाला. पर त्यो हितं आडकून पडलाय, त्याचं जास्त वाटलं."

मग नाना वळले. त्यांनी मथुराबाईंच्या हातातला रुपया उचलला, मच्छिंद्रच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाले, "सोड."

मच्छिंद्र गुडघाभर पाण्यात उतरला. त्याने ओंजळ पाण्याखाली नेऊन उघडली.

रुपया बुडाला, पण गेला नाही. तो खाली जाताना कलंडत होता, आणि कलंडताना दर वेळी धुक्यातला जो काही थोडा उजेड होता तो गोळा करून चमकत होता. एकदा. पुन्हा एकदा, जरा खाली, जरा पुढे. पाण्याबरोबर तो तिरका तिरका निघाला, झाडावरून पान उतरावं तसा. सगळे वाकून पाहत होते. तिथे काही दिसायचं बंद झालं, तरी कुणी सरळ उभं राहिलं नाही.

"सासऱ्यांच्या येळी हातातनं सुटला आन् गेला," मथुराबाई म्हणाल्या. "काळा व्हता. दिसलाबी न्हाई. हे लांबपर्यंत दिसले." आणि त्यांनी उल्काच्या दंडाला धरून चढ चढायला सुरुवात केली. एवढंच, पण दंड त्यांनी वरच्या सपाटीपर्यंत सोडला नाही.

जीपपाशी उल्काने बरणी काढली. नाना, मच्छिंद्र आणि दीनानाथ यांचे रुपये कालपासून ज्याच्या त्याच्या खिशात होते. ते तिघांनी तिच्या हातावर ठेवले. शेवटी तात्या आले. त्यांच्या अंगठ्याला चिखल होता, जिभेची ओल होती, रात्रभर खोरं धरल्याचा घाम होता. त्यांनी रुपया दिला तेव्हा राजाच्या गालावर अंगठ्याचा ठसा उमटलेला तिला स्पष्ट दिसला.

तिने सवयीने रुमाल काढला. घामातलं मीठ आणि तेल चांदीला लागलं, की महिन्या-दोन महिन्यांत तिथे थर धरू लागतो; आधी पिवळा, मग तांबूस, आणि नेमका त्या बोटाच्या रेषांनी. चारही रुपयांवर असेच ठसे होते. तिघांचे तर रात्रभर उराशी धरलेले. प्रत्येकाचा वेगळा.

तिने रुमाल परत कमरेला खोचला आणि रुपये तसेच चंबूत टाकावेत, की बरणीतच, याचा विचार करत उभी राहिली.

"पूस की," मथुराबाई म्हणाल्या. "डाग पडतील."

"राहू दे, आई."

"का गं?"

"पडू दे. पुढच्या वेळी ओळखू येतील."

बोलून गेल्यावर तिला कळलं, 'पुढच्या वेळी' म्हणजे केव्हा. तिने जीभ चावली. विजयमाला तिच्याकडे पाहत राहिली, दीनानाथ खाकरला, आणि धुक्यातसुद्धा सगळ्यांच्या नजरा नाना-तात्यांकडे वळल्या ते लपलं नाही.

नाना जीपच्या पुढच्या सीटवर चढत होते. ते थांबले. तात्यांसाठी त्यांनी आत सरकून जागा केली, सीटवर हात आपटून धूळ झटकली आणि तिच्याकडे न पाहताच म्हणाले, "मग माझाबी पुसू नगंस."